साडेनऊ हजारांची कोहिबा

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाइनरीवर. संगीताच्या रात्री हौशी पाहुण्यांसाठी सिगार ठेवायच्या आहेत, चाळीसेक तरी लागतील. मुंबईच्या एका ओळखीच्यानं ‘दुबईहून आणलेला’ कोहिबा एस्प्लेंदिदोस या क्युबन सिगारचा पंचवीसचा डबा साडेनऊ हजारांत देतो म्हटलंय आणि दोन फोटो पाठवलेत. माल खरा आहे का? आणि दर वेळी कुणाला विचारत बसायला लागू नये म्हणून चांगली सिगार ओळखायची कशी?

आधी उत्तर देऊन टाकतो. घेऊ नका. दुसऱ्या फोटोत डब्याला काचेचं झाकण दिसतंय. क्युबातल्या सिगार विकणारी हबानोस कंपनी कोहिबा अशा काचेच्या झाकणात भरतच नाही. हे डबे पर्यटकांच्या डोळ्यांत भरावेत म्हणून बनतात. तुमच्या डब्याचा निकाल इथेच लागला. पण तुम्ही पुढचंही विचारलंय आणि चौदा वर्षं माझं पोट याच मालावर भरलंय, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

मी दुबईत एका हॉटेलच्या सिगार लाउंजमध्ये होतो. सुरुवात ट्रे उचलण्यापासून झाली, शेवटची सहा वर्षं खरेदी आणि साठवण माझ्याकडे होती. हाताला वळण मात्र सिन्नरला लागलं. आजी घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कातरलेली तेंदूची पानं, बाजूला तंबाखू. वळलेली विडी खाली टाकण्याआधी ती अंगठा आणि तर्जनीत एकदा फिरवायची, ढिली लागली की तिथंच उकलायची. कारण तपासणीत ढिली किंवा कमी भरलेली विडी ‘छाट’ म्हणून बाजूला पडे आणि तिचे पैसे मिळत नसत. पुढे दुबईत मॅनेजर सिगार दाबून बघायला शिकवू लागला, तेव्हा मला नवीन असं काही वाटलं नाही. आजीची बोटं आठवली एवढंच.

आता किंमत. खोटा माल नव्वद टक्के वेळा किमतीतच पकडला जातो. हबानोसनं २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडचे दर जगभर वाढवून हाँगकाँगच्या पातळीला नेले. आधी एका देशात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग असायचं, ते गणितच त्यांनी मोडलं. आज साडेनऊ हजारांत खऱ्या दोन एस्प्लेंदिदोस मिळायची मारामार, पंचवीस कुठून येणार? यावर समोरच्याकडे एक गोष्ट तयार असते: मित्र पायलट आहे, ड्यूटी फ्रीचा माल आहे, कारखान्यातला माणूस मागच्या दारानं काढून देतो. ही शेवटची गोष्ट हवानाच्या रस्त्यावर पर्यटकांना रोज ऐकवली जाते. एस्प्लेंदिदोस हे नाव निवडण्यामागेही हिशेब आहे. लांब, रुबाबदार, नाव ऐकलेलं, म्हणून नक्कलही तिचीच सगळ्यात जास्त.

मी स्वतः फसलोय, तेही धंद्यात असताना. दुबईतलं पहिलंच वर्ष होतं. एका गोडबोल्या माणसाकडून पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीतून दोन डबे घेतले. गावी जाताना साहेब लोकांना भेट द्यायचे म्हणून, स्वतःच्या पैशांनी. कौतुकानं एक डबा लाउंजमध्ये नेहमी येणाऱ्या एका वयस्क लेबनीज पाहुण्याला दाखवला. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा नाही. डबा उलटा केला, तळाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “डिसेंबरला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?” शिक्क्यात डी-ई-सी अशी अक्षरं होती. स्पॅनिशमध्ये तो महिना दिसिएम्ब्रे, शिक्का हवा डी-आय-सी. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा त्या एका अक्षरात गेला.

तेव्हापासून मीही डबा आधी उलटा करतो. खऱ्या क्युबन डब्याच्या तळाशी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि डबा भरल्याचा महिना-वर्ष शाईनं मारलेलं असतं. जानेवारीला ई-एन-ई, एप्रिलला ए-बी-आर, ऑगस्टला ए-जी-ओ, डिसेंबरला डी-आय-सी. उरलेल्या आठ महिन्यांची अक्षरं इंग्रजीसारखीच येतात, त्यामुळे नक्कल करणारा घसरतो तो या चारांवर. शाईच्या शिक्क्याशेजारी तापल्या ठशानं डागलेली अक्षरं असतात: हबानोस एस. ए., ‘हेचो एन कूबा’ आणि ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे संपूर्ण हातानं बनवलेली. त्यावरून नख फिरवा. डागलेलं अक्षर लाकडात बुडालेलं लागतं, नुसतं छापलेलं असेल तर नख सरळ सरकतं. ‘तोतालमेंते’ हा शब्द १९८९ पासूनचा आणि हबानोस एस. ए. ही कंपनी १९९४ ची. त्यामुळे ‘आजोबांच्या काळातला, ऐंशी सालचा डबा’ म्हणून कुणी काढला आणि तळाशी हबानोसचं नाव निघालं, तर चहा पाजून निरोप द्या.

पुढच्या बाजूला डावीकडे हिरवट रंगाचा हमीचा कागदी शिक्का असतो. साधारण २०१० पासूनच्या शिक्क्यावर बारकोड आणि होलोग्राम आहे आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. जरूर तपासा, पण तेवढ्यावर विसंबू नका. क्रमांक खरा निघाला म्हणजे तो क्रमांक खरा एवढंच. रिकाम्या खऱ्या डब्यांनाही बाजारात गिऱ्हाईक असतं, ते कशासाठी हे सांगायला नको.

आपल्याकडची एक खूण लोक विसरतात. भारतात रीतसर आयात झालेल्या डब्यावर दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारा चित्रासह इशारा, आयातदाराचं नाव आणि कमाल किंमत असायलाच हवी. सुंदर लाकूड झाकतं म्हणून दुकानदार त्यावर नाक मुरडतात, मला मात्र तो भेसूर फोटो दिसला की हायसं वाटतं. इशारा नसलेला डबा कुणी सामानातून आणलेला असू शकतो, ड्यूटी फ्रीमध्ये माणशी २५ सिगारची मुभा असते. पण तो आणणाऱ्यानं स्वतःपुरता आणायचा. तो ‘दुकानात’ विकला जात असेल तर एक घोळ आधीच सुरू झालेला आहे.

झाकण उघडल्यावर कसं दिसायला हवं? वरची ओळ एका रंगछटेची, डावीकडून उजवीकडे किंचित उजळत जाणारी. कारखान्यात हे काम करायला वेगळी माणसं असतात आणि त्यांचे डोळे पैठणीचा काठ जुळवणाऱ्याच्या तोडीचे. सिगारभोवतीच्या सगळ्या कागदी पट्ट्या एका रेषेत, तोंडं समोर. एक पट्टी वर, एक खाली, एक तिरकी, असं दिसलं की ते घरगुती काम. कोहिबाच्या पट्टीवरची सोनेरी अक्षरं उठावाची असतात, नव्या पट्टीवर तैनो (क्युबाचे मूळ रहिवासी) मुखवट्याचं होलोग्राम चमकतं. मध्येच एक खुलासा: ‘ओ’ अक्षरात लाल ठिपका असलेली कोहिबा तुम्हाला दिसेल. ती खोटी नव्हे. ती डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनणारी, अमेरिकेच्या बाजारासाठीची वेगळ्याच कंपनीची कोहिबा आहे. क्युबन म्हणून कुणी ती विकली, तर खोटा तो माणूस.

डब्याचं एवढं पुरे. खरं शिक्षण एकटी सिगार हातात घेतल्यावर सुरू होतं. लासलगावला कांदा हातात घेऊन हा चाळीत टिकेल की नाही सांगणारी माणसं असतात, तसंच आहे हे, सवयीनं येतं. पेटवायच्या टोकाकडून डोक्याकडे, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूकडे, हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखं लागायला हवं, दाबलं की थोडं आत जाऊन परत वर यायला हवं. एका ठिकाणी पोकळ लागली तर तिथं ती गरम आणि कडू जळणार. एका ठिकाणी गाठ लागली तर धूरच ओढला जाणार नाही. मग पेटवायचं टोक बघा. लांब पानांची सिगार असेल तर घडी घातलेल्या पानांच्या कडा दिसतात, कापडाच्या ठाणाच्या टोकासारख्या. तंबाखूचा चुरा हाताला लागला तर ती आखूड भरणीची. आखूड भरणी म्हणजे खोटी असं नाही. होसे पिएद्रा ही क्युबाचीच, हातानं वळलेली आणि आखूड भरणीची सिगार आहे, स्वस्त आणि प्रामाणिक. पण लांब पानाचे पैसे देऊन चुरा घरी येऊ नये.

डोक्याकडचं टोपण बघा. क्युबन पद्धतीत तिथं पानाच्या तीन बारीक कडा एकावर एक दिसतात. वरचं पान, म्हणजे रॅपर, ताणून बसलेलं, थोडं तेलकट हवं. बारीक शिरा चालतात, दोरीसारख्या जाड नकोत. गडद रंग म्हणजे कडक सिगार हा नाशकात तरी पक्का बसलेला गैरसमज आहे. गडद मादुरो पान बऱ्याचदा गोडसर लागतं. कडकपणा ठरतो तो मुख्यतः आतल्या पानांवर. झाडाच्या वरच्या भागातलं, जास्त ऊन खाल्लेलं लिहेरो पान सगळ्यात जोरकस. मधलं सेको सुगंधाचं, खालचं वोलादो जळायला मदत करणारं.

शेवटी वास. पेटवायच्या टोकाला नाक लावा. गवताची गंजी, गोठा, कोको, चामडं, यातलं काहीही चालेल. मुतारीचा झणका आला तर पान नीट आंबवून मुरलेलं नाही. अत्तरासारखा गोड वास आला, तर बाहेरून काहीतरी फवारलेलं आहे. काही ब्रँड तसं उघडपणे करतात, ती आवडीची बाब. पण क्युबन म्हणून विकलेल्या सिगारला व्हॅनिलाचा वास येत असेल तर पुढे बोलू नये.

इथवर खऱ्याखोट्याचं झालं. माझा अनुभव विचाराल तर नाशकात खोट्या मालापेक्षा मेलेला खरा माल जास्त वाट लावतो. मागच्या एप्रिलमध्ये एका परिचितांनी कौतुकानं मोंतेक्रिस्तोचा डबा काढला. मुलानं स्वित्झर्लंडहून पाठवलेला, अस्सल, पावतीसकट. ठेवला होता देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात, सव्वा वर्ष. मी एक उचलली तर वरचं पान कांद्याच्या सालीसारखं करकरलं आणि बोटांत तुटून आलं. पंचवीसच्या पंचवीस तशाच. दुसऱ्या एकांनी फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, फळांच्या कप्प्यात. त्या सुकल्या होत्याच, वर कोथिंबिरीचा वास लागला होता. फ्रिज हवा कोरडी करतो, हे लक्षात येत नाही.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १६ ते १८ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी ठक्क, जूननंतर भिंतींना ओल आणि डिसेंबरात पुन्हा अंग उलतं. म्हणजे वर्षात जेमतेम दोन-चार आठवडे आपली हवा सिगारच्या सोयीची. यावर पन्नास हजारांचं लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारसाठी ओल राखणारी पेटी, हाच उपाय असं नाही. रबरी कडांचा, घट्ट बसणारा जाड प्लास्टिकचा डबा घ्या, आधी धुऊन आठवडाभर उघडा ठेवून वास घालवा, आणि त्यात ६५ टक्क्यांची दुतर्फी आर्द्रता-पाकिटं टाका. ती ऑनलाइन मिळतात. ओल कमी झाली तर सोडतात, जास्त झाली तर शोषतात. सोबत आर्द्रता मोजणारं एक छोटं डिजिटल हायग्रोमीटर, पण ते आधी तपासून घ्या: बाटलीच्या बुचात मीठ, त्यावर चार थेंब पाणी (लगदा व्हावा, पाणी नव्हे), दोन्ही हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७१ दिसला तर तुमचं यंत्र चार कमी दाखवतं. हे मी लाउंजमध्ये शंभर वेळा केलंय, कधी फसलं नाही.

उन्हाळ्यात घरातलं तापमान पस्तिशीला जातं तेव्हा दुसरं संकट येतं. तंबाखूच्या किड्याची अंडी पानातच असू शकतात, पंचविशीच्या वर ती फुटायचा धोका वाढतो. सिगारला टाचणीनं पाडावं तसं गोल भोक आणि खाली भुसा दिसला की समजा. ती सिगार फेका आणि उरलेल्या पिशवीत बंद करून उणे वीसच्या डीप फ्रीझरमध्ये तीन दिवस ठेवा. मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर वरचं पान फाटतं. द्राक्षाची पेटी शीतगृहातून काढताना काळजी घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

द्राक्षांवरून आठवलं. द्राक्षाच्या मण्यावरची पांढरी लव ताजेपणाची खूण, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून सिगारवर पांढरं दिसलं की लोक खूश होतात, आणि ‘हे तर जुन्या सिगारचं तेज’ असं सांगणारे विक्रेतेही भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नका. ती लव नव्हे, भुरी समजा. म्हणजे बुरशी, आणि आर्द्रता पंच्याहत्तरच्या वर गेल्याचा पुरावा. नुसती वरच्या पानावर असेल तर मऊ ब्रशनं झटकून ती सिगार वेगळी ठेवा. पेटवायच्या टोकात, आत शिरली असेल तर गेली.

त्यामुळे दुकानात गेलात की ब्रँड विचारण्याआधी ह्युमिडॉर बघा. हायग्रोमीटर काय दाखवतो? दार उघडल्यावर देवदारासारखा लाकडाचा वास येतो की पानपट्टीचा? मालकाला विचारा, हा माल कधी आला. हिरमुसला चेहरा केला तर बाहेर पडा. काउंटरवरच्या उघड्या बरणीतली सिगार, कुठल्याही नावाची, फुकट मिळाली तरच घ्यावी.

आता तुमच्या संगीताचं. चाळीस माणसांसाठी क्युबन नकोच. त्यातले तीस जण पहिल्यांदा ओढणार, दहा झुरके मारून फोटो काढणार आणि लॉनवर टाकून नाचायला जाणार. निकाराग्वा किंवा डॉमिनिकन रिपब्लिकची, हातानं वळलेली, फिकट कनेक्टिकट पानाची सौम्य सिगार घ्या, रीतसर आयात झालेली. आकार पेटिट कोरोना, म्हणजे पाच इंचांच्या आसपास आणि ४२ चा घेर. घेराचा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ही अर्ध्या-पाऊण तासात संपते. त्याहून जाड रोबुस्तोला तास लागतो, तोवर जेवण गार होईल. चाळीसऐवजी पंचवीस आणा, पुरतात, हे मी लग्नं बघून सांगतोय. खऱ्या दर्दी दोन-तीन काकांसाठी क्युबन पार्तागास सेरी डी नंबर ४ सारखी एकेक वेगळी खिशात ठेवा.

गंमत म्हणून एक सुचवतो. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली-दिंडिगुलकडे अजून चिरूट वळतात. चिरूट हा आपला जुना शब्द तमिळ सुरुट्टुवरूनच आलाय. दोन्ही टोकं उघडी, कटर लागत नाही, कडक आणि रांगडी. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबांमध्ये ती प्रसिद्ध होती. देवळालीचे कुणी जुने फौजी पाहुणे असतील तर त्यांच्या डोळ्यांत बघा काय चमक येते.

वाइनरीवाल्यांना आधी विचारून धूम्रपानाची ठरावीक जागा घ्या, बुफेपासून लांब. अठराच्या आतल्या पोराटोरांच्या हाती ट्रे जाणार नाही एवढं बघा, तो कायदाही आहे. धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात फिरवून सोडायचा, हे पहिल्यांदा ओढणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. आत न ओढल्यानं तोंडाचा, घशाचा कॅन्सर टळतो असं मात्र अजिबात नाही. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. रिकाम्या पोटी कुणी ओढली तर घाम फुटून गरगरतं, अशा वेळी लाडू किंवा साखरेचं पाणी द्या. सोबतीला कोरडी पांढरी वाइन कडवट लागेल. उशिरा तोडणीच्या द्राक्षांची गोड शेनिन ब्लाँ, किंवा साधी गूळ घातलेली कॉफी जास्त जमते.

निफाडचा पारा पेपरात छापून येतो तो हा महिना, त्यात धरणावरचा वारा. साधा लायटर टिकणार नाही. ज्योत वाऱ्यात न विझणारे गॅसचे दोन लायटर ठेवा, पेट्रोलचा नको, वास चढतो. सिगार सगळ्या एकदम ट्रेमध्ये मांडू नका. हवाबंद डब्यातून पाच-पाच काढा, नाहीतर जेवणं होईपर्यंत त्या हवेत त्यांचीही सालं निघायला लागतील.

आणि मुंबईच्या त्या गृहस्थांना तोंडावर खोटं पाडायची गरज नाही, ओळखीचे आहेत म्हणता. डब्याच्या तळाचा एक स्पष्ट फोटो तेवढा मागा. माझ्या अनुभवात तो सहसा येत नाही. आलाच तर मला पाठवा, महिना कोणता छापलाय ते बघू.